आधी पान ठरवा, मग फोटो

डिजिटल चिकटवही करायला बसलं की हात आधी फोटोंकडे जातो. कोणते घ्यायचे, कोणते वगळायचे, पार्श्वभूमीला पैठणीचा काठ शोभेल की वारली चित्रं, अक्षर कोणतं घ्यावं, यात चार संध्याकाळी मजेत जातात. पानाचा आकार मात्र सॉफ्टवेअरने सुरुवातीला जो पुढे केला तोच राहून जातो. पंचवीस-तीस पानं सजवून झाली, पेन ड्राइव्ह घेऊन छपाईच्या दुकानात गेलो, की काउंटरवरचा माणूस पहिलाच प्रश्न विचारतो, "साइज काय?" आणि त्या एका प्रश्नात सगळी मेहनत अडकते. त्या मापाचा कागद दुकानात नसतो. छापायचं तर कडेला पांढऱ्या पट्ट्या तरी राहणार, नाहीतर कडेला उभ्या असलेल्या काकांचा खांदा तरी कापला जाणार.

म्हणून हे काम शेवटाकडून सुरू करावं. पूर्ण झालेली वही कोणाच्या हातात जाणार, कुठे ठेवली जाणार, किती प्रती लागणार आणि त्या कोणत्या यंत्रावर छापणार, एवढं आधी ठरलं की पानाचं माप जवळजवळ आपोआप ठरतं. माप ठरलं की फोटोंची संख्या, अक्षरांचा आकार, कडेची मोकळी जागा हे सगळे निर्णय सोपे होतात. उदाहरणासाठी एक घरगुती काम डोळ्यांसमोर ठेवू. आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे आणि नातवंडांना तिच्या आयुष्याची वही करायची आहे. त्यात जुने कृष्णधवल फोटो आहेत, लग्नपत्रिका आहे, तिच्या हस्ताक्षरातली पुरणपोळीची कृती आहे आणि मोबाइलवर काढलेले अलीकडचे भरपूर फोटो आहेत.

१२ बाय १२ हे माप आलं कुठून?

डिजिटल चिकटवहीसाठी इंटरनेटवर मिळणारे तयार संच, म्हणजे पार्श्वभूमीचे कागद, चौकटी, फुलं, फिती, बहुतेक १२ बाय १२ इंचांच्या पानासाठी केलेले असतात. हे माप अमेरिकेतल्या छंदातून आलं आहे. कात्रणं आणि चित्रं वहीत चिकटवण्याची हौस तिथे एकोणिसाव्या शतकातच रुजली होती. लेखक मार्क ट्वेन यांनी १८७३ साली चिकटवहीच्या एका सुधारित प्रकाराचं पेटंट घेतलं. त्यात पानांवर आधीच डिंकाचे पट्टे असत. पट्टा ओला करायचा आणि कात्रण दाबायचं.

घरातल्या आठवणींची वही या आजच्या रूपाला मात्र युटा राज्यात जोर आला. १९८० साली सॉल्ट लेक सिटीत नोंदी आणि वंशावळींविषयीची जागतिक परिषद भरली होती. तिथे मॅरिएलन ख्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाच्या आठवणींचे पन्नास खंड मांडले. लोकांनी इतकी विचारपूस केली की पुढच्याच वर्षी त्यांनी याच सामानाचं दुकान काढलं. पुढे या छंदाचा मोठा व्यापार झाला आणि १२ इंची चौरस कागद, त्याच मापाचे अल्बम, त्याच मापाचे प्लास्टिकचे पाउच अशी साखळी तयार झाली. काम संगणकावर आलं तरी माप तेच राहिलं. एक इंचात ३०० ठिपके या हिशेबाने १२ इंच म्हणजे ३६०० ठिपके, म्हणून तिथले तयार डिजिटल कागद ३६०० बाय ३६०० पिक्सेलचे असतात.

या पानाचा मोठा गुण म्हणजे ऐसपैस जागा. १२ बाय १२ म्हणजे १४४ चौरस इंच. त्यावर ४ बाय ६ चे चार फोटो ठेवले तरी ४८ चौरस इंच लिहायला उरतात. ८ बाय ८ मध्ये एकूण जागाच ६४ चौरस इंच, म्हणजे मोठ्या पानाच्या निम्म्याहूनही कमी. त्यात पूर्ण मापाचा एक फोटो आणि थोडं लिखाण बसतं. दुसरा फोटो घातला की लिखाणाला कोपऱ्यात बसावं लागतं.

मोठ्या पानाची अडचण वही उघडल्यावर कळते. समोरासमोरची दोन पानं मिळून दोन फूट रुंद होतात. ती टेबलावर छान दिसते, पण ऐंशी पार केलेल्या आजीला आरामखुर्चीत बसून ती मांडीवर पेलणं कठीण. जाड पानांची असेल तर वजनही बरंच होतं. घरातल्या पुस्तकांच्या फळीवर ती उभी मावत नाही आणि आडवी ठेवली तर बाहेर डोकावते. म्हणून आजीच्या हातातली प्रत ८ बाय ८ किंवा १० बाय १० असावी आणि समारंभात टेबलावर मांडायची प्रत १२ बाय १२, अशी वाटणी करणं शहाणपणाचं.

इथे चौरस पान कामी येतं. १२ चं पान ८ वर आणलं तरी काहीच कापलं जात नाही, सगळं त्याच प्रमाणात लहान होतं. फक्त अक्षरांकडे लक्ष हवं. १२ इंची पानावर १२ पॉइंटमध्ये लिहिलेला मजकूर ८ इंचांवर ८ पॉइंटचा होतो. देवनागरीत मात्रा, रफार, उकार यांची गर्दी असल्यामुळे ८ पॉइंट वयस्कर डोळ्यांना त्रासदायक ठरतो. दोन्ही मापांत छापायचं असेल तर मोठ्या पानावर मजकूर १६ ते १८ पॉइंटच्या खाली आणू नये.

ए-४ चा सोयीचा मार्ग

आपल्याकडे कागदाचं सर्वांत सहज मिळणारं माप ए-४. घरच्या प्रिंटरपासून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत सगळीकडे तेच. ही मालिका जर्मनीत वॉल्टर पोर्स्टमन यांच्या कामातून १९२२ साली प्रमाण म्हणून ठरली. तिच्यामागची कल्पना त्याहून जुनी आहे. गेओर्ग लिश्टेनबर्ग या शास्त्रज्ञाने १७८६ साली एका पत्रात ती मांडली होती. कागदाच्या लांबी-रुंदीचं प्रमाण दोनाच्या वर्गमुळाएवढं, म्हणजे सुमारे १.४१४ ठेवलं, तर कागद मधोमध दुमडल्यावर मिळणारा अर्धा कागदही नेमका त्याच प्रमाणाचा असतो. सगळ्यांत मोठा ए-० एक चौरस मीटरचा. त्याचे निम्मे-निम्मे करत गेलं की ए-३, ए-४, ए-५ मिळतात.

चिकटवहीसाठी याचा थेट फायदा असा की ए-४ मध्ये केलेलं पान ए-५ वर छोट्या प्रतीसाठी किंवा ए-३ वर भिंतीवर लावण्यासाठी काहीही न कापता छापता येतं. नातेवाइकांना वाटायला वीस छोट्या प्रती हव्या असतील तर ए-५ इतकं परवडणारं दुसरं माप नाही.

एक अडचण परदेशातल्या नातलगांची. अमेरिकेत आणि कॅनडात ए-४ ऐवजी लेटर हा कागद चालतो, साडेआठ बाय अकरा इंचांचा. तो ए-४ पेक्षा ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड असतो. पुण्याहून पाठवलेली ए-४ ची पीडीएफ न्यू जर्सीतल्या मावशीने घरी छापली की एक तर सगळं पान आक्रसतं किंवा खालची ओळ जाते. दोन्हीकडे छापायचं असेल तर ८ बाय ८ चं चौरस पान घ्यावं. ते दोन्ही कागदांवर बसतं. ए-४ ची रुंदी २१० मिलिमीटर आणि ८ इंच म्हणजे २०३ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण साडेतीन मिलिमीटर उरतात. बऱ्याच घरगुती इंकजेट प्रिंटरना कडेला ३ मिलिमीटरच्या आसपास जागा सोडावी लागते, त्यामुळे हे माप काठावर का होईना, बसून जातं. छापताना 'फिट टू पेज' बंद करून शंभर टक्के मापावर छापा. नाहीतर प्रिंटर स्वतःच्या मनाने पान लहान-मोठं करतो आणि ८ चं साडेसात होतं.

फोटोचं स्वतःचं माप

पानाप्रमाणे फोटोलाही जन्मजात प्रमाण असतं. मोठ्या कॅमेऱ्यांचे फोटो बहुधा ३ बाय २ या प्रमाणात असतात, म्हणून स्टुडिओतली ४ बाय ६ ची प्रिंट त्यांना चपखल बसते. मोबाइलचे फोटो मात्र बहुधा ४ बाय ३ असतात. सहा इंच रुंद ठेवले तर त्यांना साडेचार इंच उंची लागते. ४ बाय ६ मध्ये बसवताना त्यातला अर्धा इंच, म्हणजे नववा हिस्सा, कापला जातो. गर्दीच्या फोटोत त्या नवव्या हिश्श्यात मागच्या रांगेतल्या माणसांची डोकी असतात.

डिजिटल पानावर हे बंधन नसतं. चौकट आपणच आखतो, तेव्हा मोबाइलच्या फोटोंसाठी ४ बाय ३ च्या चौकटी आखाव्यात आणि सगळी माणसं शाबूत ठेवावीत. समूहाचा फोटो चौरस चौकटीत कोंबू नये. चौरस चौकट एकट्या चेहऱ्यासाठी, हातांसाठी, दारातल्या रांगोळीसाठी ठेवावी.

पिक्सेलचा हिशेब

छपाईत ३०० हा आकडा सारखा कानावर येतो. त्यामागे डोळ्यांची मर्यादा आहे. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाचा साठावा भाग एवढ्या कोनातला फरक ओळखता येतो. पान एक फुटावर धरलं तर हा कोन एक इंचात सुमारे २८६ ठिपक्यांएवढा होतो. ठिपके त्याहून दाट असले की डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत, सलग चित्र दिसतं. म्हणून हातात धरून बघायच्या पानासाठी ३०० हा सुरक्षित आकडा. भिंतीवर टांगून चार फुटांवरून बघायच्या चित्राला त्याच्या निम्मेही पुरतात.

हिशेब सोपा आहे. पानाची इंचातली लांबी गुणिले ३००. १२ इंचांना ३६००, ८ इंचांना २४००, ए-४ ला २४८० बाय ३५०८. फोटोसाठी हाच हिशेब उलटा करायचा. १२ मेगापिक्सेल मोबाइलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. तो ३०० ने भागला की १३ बाय १० इंच येतात. म्हणजे ८ इंची पानभर तो आरामात पसरता येतो. १२ इंची चौरसभर पसरला तरी इंचाला अडीचशे ठिपके मिळतात, तेही चालतं.

खरा घात व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंचा होतो. पाठवताना ते आकाराने लहान केले जातात आणि बहुतेकदा लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. १६०० बाय १२०० चा फोटो ३०० च्या हिशेबाने सव्वापाच बाय चार इंचच होतो. तोच १२ इंची पानभर ताणला की इंचाला १०० ठिपके उरतात. पडद्यावर तो ठीक दिसतो, छापल्यावर चेहरे धुरकट येतात. सॉफ्टवेअरमध्ये ७२ च्या जागी ३०० लिहिल्याने काही होत नाही, कारण पिक्सेल तेवढेच राहतात. उपाय एकच आहे. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ती जशीच्या तशी येते.

आजीच्या जुन्या फोटोंसाठी स्कॅनर लागतो. तीन बाय चार इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांवर, स्कॅन केला तर १८०० बाय २४०० पिक्सेल मिळतात, म्हणजे तो दुप्पट, सहा बाय आठ इंचांचा, स्वच्छ छापता येतो. चिकट पानांच्या जुन्या अल्बममध्ये फोटो घट्ट बसले असतील तर ओढून काढू नका. वरचं प्लास्टिक हलकेच उचला आणि फोटो पानासकट स्कॅन करा. हस्ताक्षरातली कृती रंगीत स्कॅन करा, कागदाचा पिवळेपणा आणि तुपाचा डागही येऊ द्या. पुरणपोळीच्या कृतीवर तो डाग नसेल तर ती कोणाचीही असू शकते.

दुकानातला कागद आणि तुमचं पान

छपाईचा खर्च पानावर नव्हे, छापण्याच्या कागदावर ठरतो. आपल्याकडच्या डिजिटल छपाईच्या दुकानांत साधारणपणे १२ बाय १८ किंवा १३ बाय १९ इंचांचा कागद चालतो आणि पैसे बहुधा कागदाच्या एका बाजूमागे घेतले जातात. म्हणून या कागदावर आपली किती पानं बसतात ते आधी मोजावं.

१२ बाय १२ चं पान कडेपर्यंत रंगीत असेल तर कापण्यासाठी चारी बाजूंनी एक अष्टमांश इंच जास्तीचं चित्र लागतं. मग ते सव्वाबारा इंचांचं होतं. १२ बाय १८ च्या कागदावर ते बसतच नाही, आणि १३ बाय १९ वर एकच बसून शेजारी मोठी पट्टी वाया जाते. ८ बाय ८ ची पानं जास्तीच्या चित्रासकट सव्वाआठ इंचांची होतात आणि दोन्ही कागदांवर दोन-दोन शेजारी बसतात. ए-४ ची दोन आणि ए-५ ची चार पानं १३ बाय १९ वर बसतात. म्हणजे १२ इंची वहीचा छपाईखर्च ८ इंची वहीच्या सरळ दुप्पट. वीस प्रतींच्या कामात हा फरक मोठा असतो. उरलेल्या पट्टीवर वाचनखुणा किंवा आमंत्रणाच्या छोट्या चिठ्ठ्या बसवून घेता येतात. दुकानदाराला आधी सांगितलं तर तो आनंदाने मांडून देतो.

कडा, कटिंग आणि मधला पट्टा

छापलेल्या कागदांचा गठ्ठा यंत्राखाली कापला जातो तेव्हा कागद केसभर तरी सरकतोच. चित्र नेमकं पानाच्या रेषेवर संपलं असेल तर तिथे पांढरी रेघ दिसते. म्हणून चित्र रेषेच्या बाहेर ३ मिलिमीटर, म्हणजे एक अष्टमांश इंच, वाढवायचं. यालाच छपाईवाले ब्लीड म्हणतात. आतल्या बाजूने निदान पाव इंचाच्या पट्ट्यात नाव, तारीख, चेहरा काही ठेवायचं नाही. पानाच्या कडेने बारीक चौकट काढण्याचा मोह टाळा. कटिंग एक मिलिमीटर सरकलं तरी चौकट एकीकडे जाड आणि दुसरीकडे बारीक दिसते.

बांधणीकडच्या बाजूला आणखी जागा सोडावी लागते. वायरो किंवा स्पायरल बांधणीत भोकांसाठी अर्धा इंच जातो. परफेक्ट बाइंडिंगमध्ये पानाची आतली कड डिंकात जाते आणि वही पूर्ण उघडत नाही, त्यामुळे दोन पानांवर पसरलेल्या फोटोत मधे उभा असलेला माणूस नाहीसा होतो. बांधणी कोणती हे आधी माहीत असलं तर मधला पट्टा आधीच मोकळा ठेवता येतो.

छापायचं कशावर?

चार मार्ग आहेत आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा.

घरचा इंकजेट प्रिंटर एक-दोन प्रतींसाठी आणि नमुना बघण्यासाठी उत्तम. शाई दोन प्रकारची असते. डाय शाई पाण्यात विरघळलेल्या रंगाची, तजेलदार, पण ओल्या हाताने पसरणारी आणि उन्हात लवकर उडणारी. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात. ती कमी चमकते पण जास्त टिकते. छायाचित्राचा खास कागद वापरला तरच घरच्या प्रिंटरची खरी ताकद दिसते. ८० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) साध्या कागदावर शाई आत जिरते आणि रंग फिके पडतात.

फोटो लॅबमध्ये प्रकाशाने उमटवलेली आणि रसायनात धुतलेली खरी छायाचित्र-प्रिंट मिळते. लग्नाचे करिझ्मा अल्बम अनेकदा असेच होतात. १२ बाय ३६ ची एक लांब प्रिंट मधोमध दुमडून १२ बाय १८ ची दोन पानं. १२ इंची चौरस वहीसाठी १२ बाय २४ ची प्रिंट लागते. मधे शिवण नसल्यामुळे चित्र सलग राहतं आणि पान सपाट उघडतं. आजीच्या मुख्य प्रतीसाठी हा सर्वांत देखणा पर्याय. पण पानं पुठ्ठ्यासारखी जाड होतात, म्हणून पानं कमी ठेवावी लागतात आणि खर्चही जास्त येतो.

डिजिटल प्रेसवर पाच-पन्नास प्रती छापायला हरकत नाही, कारण ऑफसेटसारख्या प्लेटा कराव्या लागत नाहीत. या जातीचं पहिलं मोठं रंगीत यंत्र इंडिगो कंपनीने १९९३ साली बाजारात आणलं. आज छोट्या शहरांतही असं काम करणारी दुकानं आहेत. ऑफसेट मात्र शेकडो प्रती असतील तरच परवडतं. घराण्याचा इतिहास किंवा गावच्या शाळेच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका त्यात बसते, घरगुती चिकटवही बसत नाही.

रंग आणि अक्षर

पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो. प्रेस निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी या चार शायांतून रंग करते. पडद्यावरचे काही झगझगीत रंग शाईत उतरतच नाहीत. पोपटी शालू, मोरपंखी निळा, झेंडूचा भडक नारिंगी छापल्यावर मवाळ दिसतात. यात छपाईवाल्याची चूक नसते. फोटो लॅबला एसआरजीबीमधली जेपीईजी फाइल द्यावी, प्रेसला पीडीएफ. रंग चार शायांत कसा बदलायचा ते दुकानाला विचारून ठरवावं. बारीक मजकूर मात्र फक्त काळ्या शाईत ठेवायला सांगावा. चारही शाया मिसळून केलेला काळा किंचित सरकला की अक्षरांभोवती रंगीत सावली उमटते. फोटो काळवंडून आल्याची तक्रार फार वेळा ऐकू येते. पडदा पूर्ण उजळ ठेवून फोटो बघितले तर डोळ्याला तेच खरं वाटतं, आणि कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. काम करताना पडद्याचा उजेड पांढऱ्या कागदाएवढा कमी ठेवावा.

मराठी मजकुराला आणखी एक काळजी लागते. आपल्या संगणकावर नीट दिसणारी 'ऱ्ह', 'ज्ञ', 'श्र' दुकानातल्या संगणकावर फुटतात, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मजकूर-व्यवस्था निवडलेली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षराला जाऊन बसते. दुकानदार म्हणतो, "फाइल कर्व्ह करून आणा." म्हणजे अक्षरांचं चित्राच्या रेषांमध्ये रूपांतर करून द्या, मग फॉन्ट असो वा नसो, आकार तोच छापला जातो. तसं करण्याआधी मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, कारण कर्व्ह केलेल्या अक्षरांत नंतर शुद्धलेखनाची चूक सुधारता येत नाही. फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले 'मुक्ता' आणि 'बालू' मोफत मिळतात आणि बारीक मापातही वाचायला सोपे आहेत.

कागद, बांधणी आणि पावसाळा

पानासाठी १७० जीएसएमचा आर्ट पेपर बहुतेक वह्यांना पुरतो. मागची छपाई पुढे दिसत नाही आणि पान सहज उलटतं. मुखपृष्ठाला ३०० जीएसएमचं कार्ड आणि मॅट लॅमिनेशन. ग्लॉसवर रंग उठून दिसतात, पण दिव्याची चकाकी येते आणि बोटांचे ठसे उमटतात. वाचायचा मजकूर जास्त असेल तर मॅटच घ्या.

पातळ वहीला सेंटर पिन चालते, मात्र पानांची संख्या चारच्या पटीत हवी. जाड आर्ट पेपरला नुसत्या डिंकाची परफेक्ट बाइंडिंग फार वर्षं धरत नाही, पानं सुटतात. घरात वारंवार हाताळली जाणारी वही शिवून हार्ड बाइंडिंग करून घ्यावी किंवा वायरो लावावी.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. खऱ्या छायाचित्र-प्रिंटच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो. तो दमट हवेत फुगतो आणि समोरासमोरची चकचकीत पानं एकमेकांना चिकटतात. तिथल्या घरांसाठी मॅट पृष्ठभाग निवडावा. वही बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये. तिच्याबरोबर सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या आणि पावसाळा सरला की वही उघडून वारा द्यावा.

कोणासाठी काय?

आता आजीच्या वहीचा निर्णय सोपा होतो. रचना १० किंवा १२ इंची चौरसात, इंचाला ३०० ठिपके, मजकूर १६ पॉइंटच्या वर. समारंभासाठी लॅबमध्ये केलेली एक सपाट उघडणारी प्रत, आणि आजीसाठी व पाहुण्यांसाठी डिजिटल प्रेसवर ८ बाय ८ च्या हलक्या प्रती. शाळकरी मुलाचा सहलीचा प्रकल्प असेल तर ए-४, घरचा प्रिंटर आणि स्पायरल. बाळाच्या पहिल्या वर्षाची वही असेल तर ८ बाय ८, वायरो आणि न फाटणारा एनटी कागद, कारण ती बाळाच्याच हातात जाणार आहे. ट्रेकचे, किल्ल्यांचे आडवे फोटो जास्त असतील तर ए-४ आडवा.

एवढा खटाटोप छापण्यासाठी करावा, कारण फोनमधले हजारो फोटो कोणी मुद्दाम बसून बघत नाही. फोन बदलतो, खातं बंद होतं, पासवर्ड विसरतो. छापलेली वही मात्र पाहुण्यांपुढे येते, तिच्यावरून गोष्टी निघतात, आणि आजी "ही माझी आत्ये, हिचं नाव लिहायचं राहिलं" असं सांगते तेव्हाच ते नाव कुटुंबाला कळतं. म्हणून माप ठरवून पहिलं पान पूर्ण झालं की दुसऱ्याला हात लावू नका. ते एकच पान, ज्या कागदावर आणि ज्या यंत्रावर वही होणार आहे तिथेच, खऱ्या मापात छापून घ्या. ज्याच्यासाठी वही आहे त्याच्या हातात ते द्या आणि त्याला चष्म्याशिवाय वाचता येतं का, चेहरे ओळखू येतात का ते बघा. एका पानाचा खर्च थोडा असतो, आणि त्या पानावर सुधारलेली प्रत्येक गोष्ट पुढच्या सगळ्या पानांवर आपोआप सुधारते.